वॉर्डवरची नोकरी, लेव्हल ५ चा कोर्स आणि सासूबाईंचा फोन

ताई, साडेचार वर्षं झाली आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊजवळ राहतो. नवरा आयटीत, मी त्याच्या डिपेंडंट व्हिसावर. नाशिकला बी.एस्सी. केलं होतं. इथे दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये हेल्थकेअर असिस्टंट आहे, पगारश्रेणी बँड २. आता वॉर्ड मॅनेजर म्हणतात, असिस्टंट प्रॅक्टिशनरच्या अप्रेंटिसशिपला, म्हणजे नोकरी करता करता शिकायच्या लेव्हल ५ च्या कोर्सला, अर्ज कर. मुलगा सहा वर्षांचा आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘पदवीधर मुलगी, अजून किती वर्षं लोकांचं करत बसणार?’ त्यातून कोर्स पदवीच्याही खालचा! करू का?
— तुमची वाचक

करा. पण मॅनेजरबाईंनी आपणहून विचारलं म्हणून हरखून लगेच सही करू नका. आधी त्यांच्याकडून काही उत्तरं घ्या, आणि तीही ईमेलवर.

पहिला प्रश्न: कोर्स संपल्यावर बँड ४ ची जागा आहे का? नवी नर्स बँड ५ वर लागते, असिस्टंट प्रॅक्टिशनर तिच्या लगेच खाली. पण बँड मिळतो तो जागेला, सर्टिफिकेटला नाही. दीड-दोन वर्षं रात्री जागून कोर्स पुरा केला आणि जागा नाही म्हणून जुन्याच युनिफॉर्ममध्ये परत उभी राहिली, अशा दोघी माझ्या ओळखीत आहेत. ‘होईल काहीतरी’ हे उत्तर नव्हे. शिकत असताना पगार कोणत्या बँडचा, हेही लगे हात विचारून घ्या.

दुसरा प्रश्न वेळेचा. अप्रेंटिसशिपमधलं शिक्षण कामाच्या पगारी वेळेत झालं पाहिजे, असा नियमच आहे. मात्र वॉर्डवर माणसं कमी पडली की पहिली कात्री लागते ती शिकणाऱ्याच्या दिवसाला. ‘आज येशील का गं, फक्त आजच’ असं तीन आठवडे चालतं आणि मग असाइनमेंट रविवारी रात्री अकराला सुरू होते. म्हणून अभ्यासाचा दिवस रोस्टरवर छापून आला पाहिजे. आपल्याकडच्या मुलींना नाही म्हणता येत नाही. मलाही येत नव्हतं.

आता ‘पदवीच्या खालचा’ या दुखऱ्या जागेबद्दल. हो, लेव्हल ५ ही पदवीच्या एक पायरी खालीच. पण हिशेब बघा. हाच विषय स्वतंत्रपणे फाउंडेशन डिग्री म्हणून (याच पातळीचा विद्यापीठाचा कोर्स) घ्यायला गेलात, तर भारतातली पदवी हातात असल्यामुळे सहसा सरकारी स्टुडंट लोन मिळत नाही. फी खिशातून जाते. अप्रेंटिसशिपला मात्र आधीची पदवी आड येत नाही, शिकायचं ते खरोखर नवं असलं म्हणजे झालं. प्रशिक्षणाची फी तुमच्याकडून घेताच येत नाही. देशात तीन वर्षं वास्तव्याची अट तुम्ही केव्हाच ओलांडली आहे.

मात्र पुढे नर्स व्हायचं मनात असेल, तर नर्सिंग असोसिएटच्या जागा निघतात का तेही विचारा. तेही लेव्हल ५, तेही बँड ४. पण २०१९ पासून इंग्लंडमध्ये त्यांची एनएमसीकडे, म्हणजे नर्सिंगच्या नियामक परिषदेकडे, नोंदणी होते आणि नर्सिंगच्या पदवीत बरीच सूट मिळू शकते. असिस्टंट प्रॅक्टिशनरची अशी नोंदणी नाही. उलट फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, एक्स-रे विभाग अशा वाटा असिस्टंट प्रॅक्टिशनरला जास्त मोकळ्या. मी तुमच्या जागी असते तर पाच वर्षांनी कुठे उभं राहायचंय हे आधी ठरवलं असतं.

सासूबाईंना ‘लोकांचं करणं’ म्हणजे बेडपॅन दिसतं. त्यांना श्वास मोजण्याची गोष्ट सांगा. पेशंटला कळलं की आपला श्वास मोजतायत, तर तो लगेच वेगळा घेतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे पुष्कळ आहेत, तुम्ही त्यात जाऊ नका. मिनिटाला १८ आले तर न्यूज-टूच्या, म्हणजे पेशंटची तब्येत बिघडतेय का हे गुणांवरून ओळखायच्या तक्त्यात शून्य गुण, २५ आले तर एकदम ३, आणि एवढ्या एका आकड्यावरही तातडीने बघायला बोलवावं लागतं. हे तुम्ही आजही करत असाल. कोर्समध्ये त्यामागचं ‘का’ शिकाल, आणि नर्सने सोपवलेली पुढची कामं तिच्या देखरेखीखाली स्वतः कराल.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येईल: रिफ्लेक्टिव्ह लेखन. ‘त्या प्रसंगी मला काय वाटलं, माझं काय चुकलं, पुन्हा वेळ आली तर काय करेन’ हे लिहायचं. आपण गाईडमधली उत्तरं पाठ करून पास झालेली माणसं. ‘मी’ लिहायचीच चोरी. माझ्या पहिल्या असाइनमेंटमध्ये पुस्तकातले मुद्दे ओळीने मांडले होते. शेरा आला, ‘यात तुम्ही कुठे आहात?’ तेव्हापासून शिफ्टनंतर बसमध्ये पाच ओळी मराठीत खरडायची सवय लावून घेतली. घरी गेल्यावर प्रसंग राहतो, वाटलेलं पुसलं जातं. फक्त पेशंटचं नाव, खाट नंबर काही लिहायचं नाही, मराठीत असलं तरी.

घरात नवऱ्याला ‘मदत कर’ म्हणू नका. मदत म्हणजे काम तुमचंच राहिलं. मंगळवार-गुरुवारचं जेवण आणि मुलाची शाळेची बॅग त्याच्या नावावर, संपलं. यंदा चकलीची भाजणी विकतची आणली तर दिवाळी रुसणार नाही.

आणि आजच नाशिकला फोन करून गुणपत्रिका शोधायला सांगा. इंग्रजी-गणिताचा पुरावा मागू शकतात, शिवाय परदेशी शिक्षणासाठी यूके एनिकचा (परदेशी पदवी इथल्या कोणत्या पातळीची हे सांगणारी संस्था) दाखला लागू शकतो. आपल्याकडच्या बायकांचा नेहमीचा घोळ म्हणजे गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर गॅझेटची प्रतही काढून ठेवा. ती हाताशी यायलाच सगळ्यात वेळ लागतो.