प्लास्टरच्या विटांचा बुरूज

प्रश्न : युरोपातल्या मध्ययुगीन गढीचा छोटा बुरूज करतोय. सिलिकॉनच्या साच्यात पीओपीच्या विटा पाडतो, पण त्यांवर बुडबुड्यांची भोकं पडतात, काढताना कोपरे तुटतात. पीओपी बदलू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी पाणी मोजा. प्लास्टर घट्ट व्हायला १०० ग्रॅमला जेमतेम १९ मिली पाणी लागतं. जास्तीचं घालतो ते ओतता यावं म्हणून. ते उडून गेलं की तिथे सूक्ष्म छिद्रं राहतात आणि कोपरा ठिसूळ होतो. पीओपीला १०० ग्रॅममागे ५० मिलीच्या वर जाऊ नका. कमानी आणि तटाचे दाते यांसाठी मात्र डेंटल स्टोनच (दातांचे नमुने बनवायचं कडक प्लास्टर) घ्या. दंतवैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळतो. महाग आहे, पण १०० ग्रॅमला ३० मिली पाणी पुरतं आणि वीट खूपच टणक होते.

प्लास्टर पाण्यात भुरभुरवा, अर्धा मिनिट भिजू द्या, मग सावकाश ढवळा. फेटलंत की हवा शिरलीच. सिलिकॉनवर पाणी पसरत नाही, म्हणून साच्याच्या कोपऱ्यांत हवा अडकते. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून साचा आतून ओलावा, साचलेलं पाणी झटका. एका कडेने ओता आणि खालची फळी ठोकत राहा. वरची चमक गेली की पुट्टीच्या पात्याने सपाट करा. वीट आधी गरम होते. ती निवायला लागली की, साधारण अर्ध्या तासाने, साच्यातून काढा. ओली वीट वाळलेलीच्या निम्मीही मजबूत नसते, तेव्हा दोन दिवस पंख्याखाली ठेवा. ओव्हन नको, जास्त तापलं तर जिप्सममधलं, म्हणजे घट्ट झालेल्या प्लास्टरमधलं, बांधलेलं पाणीच सुटतं. भांडं दर वेळी स्वच्छ धुवा; जुने कण राहिले तर पुढचा घाणा ओतायच्या आतच आवळतो. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका.

प्रश्न : थर चढतात तशी भिंत झुकते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : विटेची उघडी, पात्याने ओढलेली बाजू क्वचितच सपाट असते. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तीच बाजू घासा, मास्क लावा. प्रत्येक भिंत काचेवर आडवी जुळवा, गुण्या लावून. सांधमोड ठेवा, म्हणजे वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका; कोपऱ्यात विटा आलटून-पालटून गुंतवा. फेविकॉलचा पातळ थर लावा. प्लास्टर त्यातलं पाणी लगेच शोषतं, म्हणून वीट सरकवायला काही सेकंदच मिळतात.

प्रश्न : हा बुरूज दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवला तर? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ओल्या मातीवर थेट नको. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, तळ मऊ पडतो. खाली प्लॅस्टिकचा तुकडा घाला आणि रंगानंतर तळालाही वॉर्निशचे दोन हात द्या.