टर्मिनलवर चालणारी कमांड पीएचपीच्या एक्झेक फंक्शनमधून का चालत नाही?

कारण ब्राउझरमधून उघडलेल्या स्क्रिप्टमधून ती कमांड तुमच्या नावाने नाही, तर वेब सर्व्हरच्या युजरच्या नावाने चालते (उबुंटूवर अपाचीसाठी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'), आणि त्या युजरचा पाथ (प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांची यादी) आणि परवानग्या वेगळ्या असतात. आधी एरर डोळ्यांनी बघा, अंदाजाने बदल करत बसू नका. एक्झेक फक्त नेहमीचं आउटपुट हातात देतं, एररचा मजकूर त्यात येत नाही; म्हणून कमांडच्या शेवटी 2>&1 जोडा आणि तिसऱ्या पॅरामीटरमध्ये मिळणारा रिटर्न कोड (कमांडचा निकाल सांगणारा आकडा) छापा.

- 127: प्रोग्राम सापडलाच नाही. 'विच' कमांडने त्याचा पूर्ण पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) काढून तोच स्क्रिप्टमध्ये लिहा.
- 126: सापडला, पण चालवायची परवानगी नाही.
- 0 सोडून इतर कोणताही आकडा: प्रोग्राम बहुधा सुरू झाला, पण आत अडला. बहुतेकदा आउटपुट फोल्डरमध्ये त्या युजरला लिहिता येत नसतं. त्यावर 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊ नका, फोल्डरची मालकी बदला.

मग तीच कमांड सुडोने त्या युजरच्या नावाने टर्मिनलवर चालवून बघा. मात्र फेडोरा किंवा रेड हॅटवर ही चाचणी पास होऊनही ब्राउझरमधून कमांड अडू शकते. तिथे एसईलिनक्सचा (लिनक्समधल्या जादा सुरक्षा व्यवस्थेचा) ऑडिट लॉग तपासा.