इंग्लंडमधला एकच जुना वाडा पाहायला वेळ असेल तर कोणता निवडावा?

डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ हाउस. डेव्हनशायरच्या ड्यूकांचं, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचं हे घर. आजची वास्तू 1687 पासून उभी राहत गेली. रंगवलेली छतं, पुतळ्यांचं दालन, ग्रंथालय सगळं पाहाच, पण निम्मा दिवस बागेसाठी राखून ठेवा.

त्या बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. त्यानं 1844 मध्ये रशियाचा झार येणार म्हणून एम्परर फाउंटन उभारलं. वरच्या डोंगरात तळं खोदलं आणि पाणी निव्वळ उताराच्या जोरावर उसळवलं, पंप नाहीच! झार काही आला नाही, कारंजं मात्र आहे.

याच पॅक्स्टननं 1830 च्या दशकात इथल्या काचघरात केळी पिकवली. तिला मालकाच्या आडनावावरून कॅव्हेंडिश म्हणू लागले. जळगावकडचं जी-नाइन केळं याच गटातलं आहे. मला तरी सगळ्या दालनांपेक्षा हीच गोष्ट जास्त जवळची वाटते.

शेफील्डहून बस आहे. इथलं तिकीट वेगळं काढावं लागतं, नॅशनल ट्रस्टचं (जुनी घरं आणि बागा जपणारी तिथली संस्था) सभासदत्व चालत नाही, कारण ही मालमत्ता त्यांच्याकडे नाही. हिवाळ्यात अशी बरीच घरं काही काळ बंद असतात, तेव्हा तारखा आधी बघून घ्या. दुसरा दिवस मिळाला तर जवळचं हार्डविक हॉल. 1590 च्या दशकातलं, बेस ऑफ हार्डविक या बाईनं बांधून घेतलेलं. त्याच्या खिडक्या इतक्या प्रचंड आहेत की भिंत शोधावी लागते.