लेकीचा प्रश्न आधी ऐका, फॉर्म नंतर भरा

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं. मुलीला बारावी कॉमर्सला 84 टक्के आहेत, तिला इतिहासात बीए करायचंय आणि तुम्ही तिला न विचारता सीएच्या (चार्टर्ड अकाउंटंट) पहिल्या परीक्षेचा, फाउंडेशनचा, फॉर्म भरून मोकळे झालात. काळजी वाटते ती याचीच, गुणांची नाही. इंटरमिजिएट या पुढच्या परीक्षेनंतर दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएकडे उमेदवारी, असते, रोज व्हाउचर आणि बिलं पडताळायची. वडिलांच्या हट्टावर ती रेटता येत नाही.

शिवाय, घरातल्या ट्रंकेतला एका कंपनीचा 1936 सालचा ताळेबंद दाखवून तिने विचारलं, "ऑडिटरच्या सहीखाली जी.डी.ए., आर.ए. असं का? सीए का नाही?" आणि तुम्ही म्हणालात, "रद्दी आहे." हे मला फार लागलं.

कारण तिचा प्रश्न तुमचाच गैरसमज खोडतो. 'चार्टर्ड ही इंग्रजांपासूनची सरकारी सनद' असं तुम्ही लिहिलंय. राणीची सनद 1880 मध्ये मिळाली ती इंग्लंडच्या संस्थेला. आपला सीए 1949 च्या आपल्याच कायद्याने आला, 1 जुलैपासून. हिशेब लिहायला साहेबाने शिकवलं नाही. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खात्यांची वही) पेढ्यांवर होतीच. बदललं ते इतकंच, की कुणाची सही चालेल. 1913 च्या कंपनी कायद्याने ऑडिटरची पात्रता ठरवली. सरकारने मान्य केलेल्या विलायती संस्थांचे सभासद थेट पात्र. इथल्या माणसाला प्रांतिक सरकारचा दाखला लागे आणि मर्यादित दाखला प्रांताबाहेर चालत नसे. मग 1918 मध्ये मुंबईत जी.डी.ए. (गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी) ही पदविका सुरू झाली: परीक्षा आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षं उमेदवारी, त्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थानभर सहीचा अधिकार. आर.ए. म्हणजे रजिस्टर्ड अकाउंटंट, ही नोंदणी 1932 च्या नियमांतली. सहीखालच्या चार-पाच अक्षरांत हा सगळा झगडा आहे आणि तिला तो दिसला!

तिला इतिहास घेऊ द्या, स्पष्टच सांगतो. आर्थिक इतिहास विशेष विषय म्हणून मिळेल असं कॉलेज बघा. पेढ्यांच्या वह्यांपर्यंत जायचं तर मोडी लिपी आताच शिकायला घ्या. इतिहासात ताळेबंद वाचता येणारे फार थोडे असतात, तिचं कॉमर्स फुकट जाणार नाही.

सीएचं दारही बंद होत नाही. बीएला 60 टक्के मिळाले तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी होते. पण तेव्हा फॉर्म तिने भरायचा.

आणि तो ताळेबंद तिच्या हाती द्या. लॅमिनेशन मात्र करू नका, जुना कागद कायमचा बिघडतो. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा.