स्वस्त आयात कपड्यांमुळे भिवंडीतला आमचा शिलाई कारखाना बंद पडला. कामगारांना सरकारी मदत मिळते का?

हो, पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर बेकारी भत्ता मिळतो. आयातीमुळे काम गेलं म्हणून वेगळी योजना मात्र नाही. ठाण्यात कामगारांचे असे अर्ज भरून देतो, त्यावरून सांगतोय. ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडल्यावर पहिले 12 महिने सरासरी पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के मिळतात, घरच्यांचे उपचारही चालू राहतात. आधी किमान दोन वर्षं वर्गणी भरलेली हवी. अडचण नगावर शिवणाऱ्यांची: त्यांची नोंदणीच अनेकदा झालेली नसते, आणि सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच असते. पगारातून कपात होत होती पण नोंद सापडत नाही, असं असेल तर पगाराच्या पावत्या घेऊन थेट ईएसआय कार्यालयात तक्रार द्या.