वाचकांचे प्रश्न : दार उघडण्याआधीची लढाई

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मी ‘नेव्हरविंटर नाइट्स’ या जुन्या गेमची सुधारित आवृत्ती घेतली. मूळ कथा संपल्यावर एका हौशी रचनाकाराने तयार केलेले मॉड्यूल, म्हणजे त्याच गेममध्ये खेळायची वेगळी मोहीम, उतरवून घेतले. त्यात पडक्या मंदिराखाली चार मजली तळघर असून जवळजवळ प्रत्येक खोलीत लढाई आहे. माझा विझार्ड (मंत्र टाकणारे पात्र) आठव्या लेव्हलचा आहे आणि सोबत एक फायटर (शस्त्राने लढणारा) साथीदार आहे. तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडताच सांगाडे, धनुर्धारी आणि दोन दुष्ट पुजारी एकदम अंगावर येतात. तीसपेक्षा अधिक वेळा मेलो असेन. दादा म्हणतो, डिफिकल्टी कमी कर आणि पुढे जा, पण मला ते हार मानल्यासारखे वाटते. चूक मॉड्यूलची आहे की माझी? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : मॉड्यूलचे नाव आपण कळवले होते, परंतु फावल्या वेळात फुकट केलेल्या कामाची जाहीर उलटतपासणी करणे मला बरे वाटत नाही, म्हणून ते येथे वगळले आहे. आपल्या पत्रातील वर्णनावरून मात्र दोष दोन्हीकडे थोडाथोडा आहे असे दिसते, आणि रचनाकाराकडचा दोष आधी समजून घेतला तर आपला दोष दुरुस्त करणे सोपे जाईल.

बायोवेअर कंपनीने हा गेम २००२ मध्ये काढला तेव्हा त्यासोबत ‘ऑरोरा’ नावाचे रचनासाधनही दिले. त्यामुळे ज्याच्याकडे गेम होता, त्याला स्वतःची तळघरे, राक्षस आणि संवाद रचता येऊ लागले. लढाईचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. त्या नियमांत प्रत्येक शत्रूला आव्हानाचा एक अंक दिलेला असतो, आणि तो अंक चमूच्या लेव्हलइतका असेल तर त्या लढाईत चमूची सुमारे २० टक्के ताकद, म्हणजे जीव, मंत्र, औषधे वगैरे, खर्ची पडावी असा ठोकताळा आहे. हा हिशोब चार जणांच्या चमूचा आहे. आपण दोघे आहात. पुस्तकातील अंक पाहून खोल्या भरणारा रचनाकार हा फरक सहज विसरतो, कारण तो स्वतः खेळून पाहतो तेव्हा धनुर्धारी कोणत्या खांबामागे उभे आहेत हे त्याला पाठ असते. आपल्या खासबागेच्या मैदानात कोणाची कुस्ती कोणाशी लावायची हे ठरवणाऱ्यालाही अनुभव लागतो. त्याची नेमणूक चुकली तर पैलवानाला नावे ठेवण्यात अर्थ नसतो.

आता आपल्याकडे वळतो. आपण दार कसे उघडता, हे पत्रात कोठेही लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तेथेच आहे. तीस वेळा मरण आले म्हणजे बहुधा तीस वेळा एकाच पद्धतीने आत शिरणे झाले आहे. सेव्ह पुन्हा लोड करण्याची सोय ही मोठी फसवी गोष्ट आहे, कारण पुढच्या वेळी फासे बरे पडतील या आशेवर माणूस आपली रीत बदलत नाही.

प्रथम फाशांचेच गणित पाहू. मारणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपला हल्ल्याचा अंक मिळवतो, आणि ती बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी (बचावाच्या अंकाइतकी) किंवा अधिक झाली तर घाव बसतो. २० पडले तर घाव नक्की बसतो आणि १ पडला तर नक्की हुकतो. समजा, सांगाड्याचा अंक ५ आहे आणि आपल्या फायटरचा आर्मर क्लास २० आहे. सांगाड्याला १५ किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे वीसपैकी सहा बाजू, ३० टक्के. तोच आर्मर क्लास २४ केला की १९ आणि २० या दोनच बाजू उरतात, म्हणजे १० टक्के. चारच अंकांची भर पडली आणि मार एक-तृतीयांशावर आला. म्हणून हाती आलेले सोने विझार्डच्या कांडीवर उधळण्याआधी साथीदाराच्या चिलखतावर आणि ढालीवर खर्च करावे. मूळ गेममध्ये साथीदाराच्या पोतडीत हात घालता येत नसे. २००३ च्या ‘शॅडोज ऑफ अनड्रेंटाइड’ या विस्तारापासून ती सोय आली, आणि आपल्या मॉड्यूलमध्ये ती असेल तर अवश्य वापरावी.

दुसरी गोष्ट मंत्रांच्या मुदतीची. आठव्या लेव्हलच्या विझार्डचे ‘मेज आर्मर’ हे मंत्रकवच गेममधील आठ तास टिकते, आणि रचनाकाराने वेळेचे मूळ प्रमाण बदलले नसेल तर गेममधील एक तास म्हणजे आपली दोन मिनिटे, म्हणजे एकूण सोळा मिनिटे. याउलट वेग वाढवणारे ‘हेस्ट’ आठच फेऱ्या टिकते. सहा सेकंदांची एक फेरी धरली तर ४८ सेकंद. जिना उतरण्यापूर्वी लांब मुदतीचे मंत्र आणि दाराच्या कडीला हात लावण्यापूर्वी आखूड मुदतीचे, हा क्रम उलटला की निम्मा मंत्र मोकळ्या बोळातच संपतो. पुजारी बहुधा फायटरला जागच्या जागी खिळवणारा मंत्र टाकत असतील, कारण फायटरची मनोबलाची बाजू लंगडी असते. या गेममध्ये ‘प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल’ हा अगदी पहिल्या पातळीचा मंत्र दुष्ट शत्रूंच्या मनावर चालणाऱ्या मंत्रांपासून वाचवतो. तो स्वतःवर नव्हे, साथीदारावर टाकावा. नवखे विझार्ड सगळी कवचे स्वतःलाच घालून बसतात आणि पुढचा माणूस पडला की मागचा कितीही कवचांत असला तरी टिकत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट जागेची. दालनाच्या मध्यावर आपण उभे असाल तर आठ शत्रू आठ दिशांनी घाव घालतात. फायटर दाराच्या चौकटीत उभा असेल तर समोरून एक, फार तर दोघे पोहोचतात. पन्हाळा-विशाळगडाची वाट पायी केलेल्या माणसाला खिंडीचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको. साथीदाराला ‘जागेवर थांब’ असा हुकूम देता येतो, तो द्यावा, दार उघडावे, शत्रूंनी आपल्याला पाहताच मागे येऊन बोळाच्या वळणाआड उभे राहावे. धनुर्धाऱ्यांना नजरेची रेषा तुटली की पुढे यावेच लागते, आणि पुढे आले की त्यांचा बाण हाच त्यांचा तोटा ठरतो, कारण शत्रू अंगाला भिडलेला असताना बाण सोडणाऱ्यावर एक फुकटचा घाव बसतो. हाच नियम आपल्यालाही लागू आहे हे विसरू नये. मंत्र म्हणताना मार बसला तर एकाग्रतेची परीक्षा द्यावी लागते: १०, अधिक बसलेला मार, अधिक मंत्राची पातळी. तिसऱ्या पातळीचा ‘फायरबॉल’ म्हणताना १८ चा मार बसला तर ३१ गाठावे लागतात. आठव्या लेव्हलला या कौशल्यात जास्तीत जास्त ११ गुण घालता येतात. शरीरप्रकृतीचे २ धरले तरी फाशावर १८ किंवा अधिक हवे, म्हणजे वीसपैकी तीनच बाजू. थोडक्यात, शत्रूच्या हाताला येईल इतक्या अंतरावरून मंत्र म्हणायचाच नाही. चौकटीत ‘वेब’ टाकून त्यांना जाळ्यात अडकवावे आणि मग लांबून ‘फायरबॉल’ टाकावा. सहा बाजूंच्या आठ फाशांचा तो मार सरासरी २८ भरतो.

सांगाड्यांवर मर्मभेदी घाव चालत नाहीत आणि मोहिनी घालणारे मंत्रही चालत नाहीत. त्यांच्यासाठी गदा किंवा हातोडा बाळगावा.

राहिला आपल्या दादांचा सल्ला. डिफिकल्टी कमी करणे ही हार आहे असे मी मानत नाही, परंतु ‘हार्डकोअर’ या पायरीवर आणि ‘नॉर्मल’वर नेमका फरक काय हे जाणूनच ते करावे. ‘हार्डकोअर’वर आपला ‘फायरबॉल’ आपल्याच साथीदारालाही भाजतो. ‘नॉर्मल’वर भाजत नाही. म्हणजे ‘नॉर्मल’वर फायटरला चौकटीत उभे करून त्याच्या डोक्यावर आगीचा गोळा फेकता येतो. जुने खेळाडू याला लबाडी म्हणतात. दोघांच्या बळावर चौघांचे तळघर सर करणाऱ्याने ही सवलत घेतली तर मला त्यात काही गैर दिसत नाही. मात्र इतके सगळे करूनही, म्हणजे चौकट धरून, कवचे चढवून, मागे येऊनही ते दालन सुटत नसेल, किंवा दार उघडताच मागचे दार बंद होऊन माघारच संपत असेल, तर तो रचनाकाराचा दोष समजावा आणि निर्धास्तपणे पायरी खाली आणावी. लढाया पुष्कळ असणे हा दोष नाही. उभे राहायची जागा निवडू न देणे हा दोष आहे.

एक जाता जाता: सेव्ह एकाच नावाने करू नका. मागे पावसाळ्यात ऐन सेव्ह होत असताना वीज गेली आणि माझी दोन आठवड्यांची मोहीम बुडाली. तेव्हापासून मी प्रत्येक मजल्यासाठी वेगळा सेव्ह ठेवतो.

प्रश्न : उतरवलेले मॉड्यूल गेममधील यादीत दिसतच नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : फाइल बहुधा चुकीच्या घरात पडली आहे. सुधारित आवृत्तीत ती गेम जेथे बसवला आहे तेथे नव्हे, तर आपल्या ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘नेव्हरविंटर नाइट्स’ या फोल्डरमध्ये ठेवायची असते. झिप आधी उलगडावी. मॉड्यूलची फाइल ‘मॉड्यूल्स’मध्ये आणि हॅक फाइल (मॉड्यूलसाठीचे जादा साहित्य) ‘हॅक’मध्ये टाकावी. टीएलके फाइल (गेममधील मजकुराची) असेल तर तिचेही वेगळे फोल्डर आहे. सोबत आलेली माहितीची फाइल वाचल्याशिवाय सुरुवात करू नये, कारण कोणत्या लेव्हलचे पात्र आणावे हे तीत लिहिलेले असते, आणि आठव्या लेव्हलच्या तळघरात पाचव्या लेव्हलचा माणूस नेऊन पुन्हा पहिल्या प्रश्नासारखे पत्र येते.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील तीन मित्र पन्हाळ्यावर आधारित, भरपूर लढायांचे कल्पनारम्य मॉड्यूल करू इच्छितो. कोठून सुरुवात करावी? (एक विद्यार्थी, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : राक्षसांपासून सुरुवात करू नका, एका सकाळी गडावर जा आणि वही घेऊन फक्त वाटा पाहा. ‘तीन दरवाजा’ या गडाच्या प्रवेशद्वारातून आत शिरणारा शत्रू एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाताना मधल्या बंदिस्त चौकात सापडतो, ही रचना शेकडो वर्षांपूर्वी कोणा जाणकाराने केलेली लढाईची खोलीच आहे. तेथे खेळाडूला एकदा बाहेरून आत यायला लावा आणि पुढे कधीतरी त्याच जागी आतून बाहेर लढायला लावा. दुसऱ्या वेळी चौकाचा फायदा आपल्या बाजूला आहे हे त्याने स्वतः ओळखले पाहिजे, कोणत्याही पात्राने सांगता कामा नये.

गडावरची अंधारबाव ही विहीर तर आयतीच हाती आली आहे. पाणी, राहण्याची जागा आणि निसटण्याची वाट या तिन्ही गोष्टी एकाच तीन मजली वास्तूत आहेत. वेढा पडल्यावर काय लागेल याचा विचार करून ती बांधली गेली आहे. मॉड्यूलमध्ये हाच प्रश्न विश्रांतीचा असतो. खेळाडूला पाहिजे तेथे झोपू दिले तर विझार्ड प्रत्येक खोलीनंतर मंत्र भरून घेतो आणि लढाईला किंमत उरत नाही. कोठेच झोपू दिले नाही तर तो चौथ्या लढाईत रिकाम्या हातांनी उभा राहतो. मघाशी सांगितलेला २० टक्क्यांचा ठोकताळा घेतला तर चारेक लढायांनंतर एक सुरक्षित जागा हवी. ती अंधारबावीत ठेवा. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांना शिधा संपत जाण्याशी जोडता येईल: १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा सुमारे चार महिने चालला होता, तेव्हा कोठारात किती धान्य उरले आहे हा आकडा खेळाडूला सतत दिसत राहिला तर विश्रांती घ्यावी की नाही याचा निर्णय त्याला टोचेल. इतिहासातील थोर व्यक्तींना मात्र राक्षसांशी लढवू नका. गडाची रचना घ्या आणि पात्रे आपल्या कल्पनेतील ठेवा.

तिघांपैकी एकानेच खोल्या रचाव्यात आणि उरलेल्या दोघांना त्या कामाकडे फिरकू देऊ नये, म्हणजे निदान दोन खरे परीक्षक तरी हाताशी राहतील. ते खेळत असताना रचनाकाराने मागे खुर्ची टाकून बसावे, तोंडातून अवाक्षर काढू नये आणि कोण कोठे मेला एवढेच वहीत लिहीत जावे.