दातांच्या तारेचे पैसे ठरवताना

अगं, 'तारेचे एकूण किती' एवढंच विचारून येऊ नकोस. एक्स-रे, तुटलेलं ब्रॅकेट (दातावर चिकटवतात ती तार धरणारी चकती) आणि शेवटचा रिटेनर (तार काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालतात तो) त्यात धरलाय का, ते कागदावर लिहून घे. मी नव्हतं घेतलं, रिटेनरचे वेगळे मोजले. दीड-दोन वर्षं चालतं, म्हणून हप्ते मागायला लाजू नकोस. मुंबई सेंट्रलचं नायर किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय बरंच स्वस्त पडतं, पण तिथे वेळ हाताशी हवा.

सासूबाई म्हणतील, दिसण्याचे लाड! माझ्या लेकीच्या एकावर एक चढलेल्या दातांत पोळीचा कण अडकायचा, ब्रश पोचायचाच नाही. नेमकी तिथेच कीड लागली. पुढे आलेले दात तर पडल्यावर आधी तुटतात. आणि हो, चिक्की बंद. लोणावळ्याहून येताना आमची दोन ब्रॅकेट निखळली.